कोर्ट नंबर तीनमधलं मौन

माझी ताई स्वस्थ बसलेली मी फारशी पाहिलेली नाही. जेवायला बसते तेवढीच, पण तेही अर्धवट. एक पाय खुर्चीखाली आणि दुसरा उठायच्या तयारीत. ती चार वर्षांची असताना आईने तिचं नाव भिंगरी ठेवलं. आज ती बावन्न वर्षांची आहे, केस निम्मे पांढरे झालेत, डावा गुडघा कुरकुरतो, तरी ते नाव बदलायची वेळ आलेली नाही. वाचते तीही चालत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, हातात कागद, दातांत पेन्सिल, आणि वळताना टेबलाचा कोपरा दर खेपेला मांडीला लागतो. घरच्यांनी टेबलाची जागा तीनदा बदलली. ताईने नव्या जागीही तो कोपरा बरोबर शोधून काढला.

अशा बाईला नोकरी मिळाली ती ग्रंथालयात. कायद्याच्या महाविद्यालयाचं जुनं, उंच छताचं ग्रंथालय. काम काय, तर परत आलेली पुस्तकं आपापल्या जागी लावायची. चोवीस वर्षं ती शिडी घेऊन कपाटांमधून फिरते आहे. तिच्या हातून पुस्तकं घेऊन गेलेली पोरं वकील झाली, न्यायाधीश झाली, डॉक्टरेट घेऊन त्याच महाविद्यालयात शिकवायला आली आणि तिलाच विचारू लागली, "मावशी, ते निळ्या पुठ्ठ्याचं कुठे असतं हो?" मावशी सांगायची. मावशी शिडीवर उभ्या उभ्या ते निळ्या पुठ्ठ्याचं तीनदा वाचून बसली आहे, हे कोणाच्या गावी नव्हतं.

एका दुपारी कोणी विद्यार्थिनी एका घटस्फोटाच्या निकालाची प्रत मागायला आली. ताई शिडीवरूनच म्हणाली की तो निकाल नेऊन उपयोग नाही, वरच्या कोर्टाने तो फिरवलाय, त्यापेक्षा पुढच्या वर्षीचा घे आणि त्यातला तिसरा परिच्छेद वाच. खाली स्त्रिया आणि कायदा या विभागाच्या प्रमुख मॅडम उभ्या होत्या. त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि शिडी धरली. त्या दिवशी धरलेली शिडी त्यांनी पुढे सहा वर्षं सोडली नाही. ताईने आधीच संध्याकाळच्या वर्गाला बसून कायद्याची पदवी घेतली होती, दुसरीही घेतली होती. दोन्ही तिने ट्रंकेत ठेवल्या होत्या. मॅडमनी ट्रंक उघडायला लावली आणि शेहेचाळिसाव्या वर्षी आमची भिंगरी पीएच.डी.ला नोंदली गेली.

विषय असा. कौटुंबिक न्यायालयातल्या जुन्या खटल्यांची कागदपत्रं काढायची, त्यात नवऱ्याला काय विचारलं आणि बायकोला काय विचारलं ते मोजायचं. ताईने दोनशे बारा खटले काढले. बायकोला विचारलेल्या प्रश्नांची कार्डं हिरवी, नवऱ्याला विचारलेल्यांची पिवळी. हिरवी कार्डं दोन मोठे खोके भरून झाली, पिवळी चपलेच्या एका खोक्यात मावली आणि वर खडूही ठेवता आले. नवऱ्याला विचारत काय, तर नोकरी कुठे, घरी कोण कोण. बायकोला विचारत, किती वाजता उठता, सासूला उलट बोलता का, आईकडे वर्षातून किती वेळा जाता, आवाज नेहमीच असा मोठा आहे का. आणि शेवटी ठरलेला प्रश्न: घर का सोडलंत? घरात राहिलेल्या नवऱ्याला, तुम्ही का राहिलात, असं दोनशे बारा खटल्यांत एकदाही कोणी विचारलेलं नाही. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी हसलो. ती हसली नाही. पुढे तेच वाक्य तिने एका चर्चासत्रात वाचलं, तेव्हा म्हणे सभागृहातले लोक आधी हसले आणि मग कोणी कोणाकडे बघेना.

संशोधनाची ही सवय घरातही शिरली. जेवताना कोण कोणाचं बोलणं तोडतं, याची तिने महिनाभर नोंद ठेवली. आमचे भाऊजी चष्मेवाले. अत्यंत शांत माणूस; दिवसभर लोकांना हे अक्षर दिसतं का, ते अक्षर दिसतं का विचारून त्यांची बोलायची हौस संपलेली असते. तक्ता तयार झाला तेव्हा भाऊजींनी बोलणं तोडल्याच्या नोंदी चार निघाल्या आणि ताईच्या एकशे एकोणीस. ताईने प्रामाणिकपणे तक्ता त्यांच्या हातात दिला. भाऊजींनी तो दुकानात, डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी लावला. गिऱ्हाइकाला तो वाचता आला, की नंबर बरोबर.

तर त्या ठरलेल्या प्रश्नाशी ताईला घबाड सापडलं. दोनशे बारापैकी एकशे एकतीस बायकांच्या साक्षीत, 'घर का सोडलंत?' याच्या खाली एकच शब्द टाइप केलेला होता: निरुत्तर. बाकीच्या प्रश्नांना उत्तरं होती, तोकडी का होईना. इथे आलं की निरुत्तर. आणि निकालपत्रात पुढे, 'पत्नीने घर सोडण्याचे कोणतेही कारण दिलेले नाही.' म्हणजे बाई खटला तिथेच हरली.

मॅडमना हे फार आवडलं. वीस वर्षांपूर्वी त्यांनी याच न्यायालयाच्या चाळीस खटल्यांवर पुस्तक लिहिलं होतं आणि त्यात म्हटलं होतं की बाईचं मौन हे मौन नसून नकार आहे; पुरुषांनी बांधलेल्या भाषेत उत्तर द्यायचं ती नाकारते. त्या पुस्तकावर त्यांचं नाव झालं होतं. आता ताईकडे पाचपट खटले होते. तिने चौथं प्रकरण लिहिलं, चौऱ्यांशी पानांचं, मौनावर. मौनाचे प्रकार, मौनातलं धैर्य, मौनाची भाषा. तिने मला त्यातली पंधरा पानं वाचून दाखवली. जन्मात पाच मिनिटं गप्प न राहिलेल्या बाईने मौनावर इतकं सुंदर लिहावं याचं मला नवल वाटलं, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणीही आलं.

मी बायंडर आहे. लोकांची डॉक्टरकी मी शिवतो. प्रबंध द्यायच्या आठवड्यात माणसं माझ्याकडे कशी येतात ते मला ठाऊक आहे, दाढी वाढलेली, एक पान हरवलेलं. सहा वर्षं संपली की नोंदणी आपोआप रद्द होते, मग सगळं पहिल्यापासून. ताईची सहा वर्षं संपायला एकोणीस दिवस राहिले होते. मी उत्साहाच्या भरात पाच प्रतींचे पुठ्ठे आधीच करून ठेवले होते. गडद लाल कापड, वर सोनेरी अक्षरांत 'कौटुंबिक न्यायालयातील स्त्रीसाक्षीचे मौन' आणि खाली तिचं नाव. तिने तर ग्रंथालयात कायद्याच्या कपाटातली पुस्तकं थोडी थोडी सरकवून चार बोटं जागा करून ठेवली होती. तिथे आपलं लागणार, एवढंच तिचं मागणं होतं. नवी नोकरी, बढती असलं काही तिच्या डोक्यात नव्हतं. चोवीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं जागेवर लावली, आता एक आपलं.

आणि नेमक्या तेव्हाच, एका सकाळी अकरा वाजता ती माझ्या दुकानात आली ती धापा टाकत.

मॅडमनी शेवटचा एक तक्ता करायला सांगितला होता. कुठल्या दालनात किती मौन. न्यायालयात तीन दालनं होती. तक्त्यात भर घालायची, एवढाच हेतू. ताईने केला. एकशे एकतीस मौनांपैकी एकशे अठरा एकट्या कोर्ट नंबर तीनमध्ये. एक आणि दोन मिळून तेरा.

"बायका तीन नंबरलाच का गप्प होतात?" तिने विचारलं. "त्याच गावच्या, तसल्याच घरांतल्या बायका. एक नंबरला बोलतात, दोन नंबरला बोलतात."

मी म्हटलं, तीन नंबरचा पंखा आवाज करत असेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खळीचा डबा बंद केला. मग तिने एका साक्षीची प्रत समोर धरली. प्रत्येक पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं होती. एकशे अठरा प्रती, तीच दोन अक्षरं.

ती त्या दुपारभर न्यायालयाच्या अभिलेखागारात हिंडली आणि संध्याकाळपर्यंत तिने त्या अक्षरांचा मालक शोधून काढला. निवृत्त स्टेनो, ऐंशीला टेकलेले, स्टेशनामागच्या तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे. दुसऱ्या दिवशी मला बरोबर नेलं. का, तर म्हणाली, मी बोलणं तोडते, तू समोर असलास तर जरा धाक राहील.

इमारतीच्या जिन्यापासूनच स्टेनोकाकांची ओळख पटत गेली. 'जिन्यात सायकल ठेवू नये.' 'नळ वाहता ठेवू नये.' 'ही सूचना फाडू नये.' सगळं टाइप केलेलं, समास असा की फूटपट्टी लावून घ्यावी. काका दारात ताठ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, टेबलावर झाकणाखाली टाइपरायटर. ताईने साक्षीची प्रत पुढे केली तेव्हा त्यांनी आधी मजकूर नाही पाहिला. पान उजेडाकडे धरून अक्षरांचा दाब पाहिला आणि खूश झाले. सतरा वर्षांत कोर्ट नंबर तीनमधून खाडाखोड असलेलं पान बाहेर गेलं नाही, हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं. मग ताईने त्या शब्दावर बोट ठेवलं.

"ते होय," काका म्हणाले. "बाई बोलायच्या. साहेब ऐकायचे. मग साहेब मला सांगायचे, घ्या लिहून. ते सांगतील तेवढं मी टाइप करायचो. आता या प्रश्नाला साहेबांनी काहीच सांगितलं नाही, तर मी काय करू? उत्तराची जागा रिकामी सोडायची नाही, नियम आहे, नंतर कोणी काहीही घुसवेल. मग मी निरुत्तर टाकायचो. साहेब वाचून सही करायचे."

ताई उभी राहिली होती. "पण बाई बोलत होत्या?"

"बोलत होत्या म्हणजे? ताई, याच प्रश्नाला तर बोलायच्या. बाकी सगळं हो, नाही, हो, नाही. हा प्रश्न आला की थांबायचं नावच नाही. एक तर पाऊण तास बोलली. साहेब तेवढ्यात पुढच्या खटल्याचे कागद वाचून घ्यायचे. वेळ वाया घालवणारा माणूस नव्हता तो."

एक आणि दोन नंबरचे साहेब बाईच्या बोलण्यातलं एखादं वाक्य तरी उचलून सांगत, असं काकांनी पुढे सांगितलं. तीन नंबरच्या साहेबांना ते कायद्यात बसणारं वाटत नसे. पाऊण तास बोललेल्या बाईचं त्यांना आठवत होतं. तिच्या सासरी न्हाणीघराला आतून कडी नव्हती. तिने चार वेळा सांगितलं, कोणी बसवून दिली नाही. "आता हे," काका म्हणाले, "कोणत्या कलमाखाली घालणार?"

त्यांच्या बोलण्यात ना लबाडी होती, ना पश्चात्ताप. चहा झाला, आम्ही उतरलो. ताई चालत राहिली. मी स्कूटर हातात धरून ढकलत मागून. दोन चौक गेले, तिसरा गेला, तिने वळून पाहिलं नाही.

"चौऱ्यांशी पानं," ती शेवटी म्हणाली. "त्या साहेबांनी त्यांचं ऐकून घेतलं नाही, आणि मी त्यावर चौऱ्यांशी पानांचा गौरव लिहिला. त्यांच्या धैर्याचा. एकीच्याही दारात गेले नाही मी."

जाता आलं नसतं, हेही खरं. माणसांशी बोलायचं तर विद्यापीठाच्या समितीची परवानगी लागते आणि ती मिळायला पाच-सहा महिने जातात. कागदांना परवानगी लागत नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, कागद पुरेसे आहेत. आणि ताई ग्रंथालयातली बाई. छापून आलेलं तिच्या लेखी झालेलं असतं. एरवी कोणावर विश्वास न ठेवणारी ही बाई, नवऱ्याने कुलूप लावलं म्हटलं तरी उठून ओढून बघणारी, कागदावरच्या एका शब्दापुढे सहा वर्षं मान तुकवून उभी होती.

मॅडमकडे ती सतरा दिवस उरले असताना गेली. तिथलं मला तिच्याकडूनच कळलं, तेही तीन हप्त्यांत, कारण सांगताना ती दर वेळी उठून खिडकीशी जायची. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि सल्ला दिला तो असा, की एका निवृत्त माणसाची आठवण हा पुरावा होत नाही. तळटीप टाक, 'नोंदींच्या पद्धतीबाबत अधिक संशोधनाची गरज आहे' असं लिही आणि प्रबंध दे. पदवी मिळाल्यावर काय खणायचं ते खण. शीर्षकही आता बदलता येणार नाही. शीर्षक बदलायला मंडळाची बैठक लागते आणि ती दोन महिन्यांनी आहे.

सल्ला वाईट नव्हता. माझ्या दुकानात शिवले गेलेले निम्मे प्रबंध असल्याच तळटिपांवर उभे आहेत. पण मग मॅडमनी विचारलं, "माझ्या पुस्तकातले चाळीस खटले. त्यातले तीन नंबरचे किती?"

"एकतीस," ताई म्हणाली. ती आदल्या दिवशीच मोजून आली होती.

मॅडमनी तिला घरी जायला सांगितलं.

पुढचे चार दिवस घरात कोणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मॅडमचा फोन नाही. मार्गदर्शकाची सही नसलेला प्रबंध खिडकीवरचा कारकून हातात घेत नाही, त्याची वजनदार रद्दी होते. भाऊजींनी त्या चार दिवसांत एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा चष्मा दिला, आणि गिऱ्हाईक तो घालून दोन दिवस खूश होतं. ताई चौथं प्रकरण हातात घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत जायची, परत यायची. एकदा तिने ते मला दिलं आणि म्हणाली, वाच, किती छान लिहिलंय बघ, म्हणूनच चीड येते.

पाचव्या दिवशी ती मला घेऊन कडीवाल्या बाईला शोधायला निघाली. खटल्याचा नंबर काकांना पाठ होता; त्यातला पत्ता बावीस वर्षांपूर्वीचा. तिथून भावाच्या घरी, भावाच्या घरून जुन्या शेजारणीकडे, आणि शेजारणीने पाठवलं ते बसथांब्याजवळच्या एका दुकानात. कपडे उसवून मापाचे करून देणाऱ्या बाईंचं दुकान. दोन मशिनं, दोऱ्यांची रिळं भिंतभर, आणि गल्ल्यामागे साठीची एक बाई एका गिऱ्हाइकाला सुनावत होती की पँट घट्ट झालेली नाही, तुम्ही झालात.

ताईने स्वतःची ओळख दिली आणि मधलं सगळं सांगितलं. मग ती प्रत पुढे केली. बाईंनी भाऊजींनीच कधीतरी विकला असेल असा जाड चष्मा नाकावर चढवला आणि वाचलं. एकदा, मग पुन्हा.

"निरुत्तर," त्या म्हणाल्या. "मी?" मग दुसऱ्या मशिनवरच्या मुलीला हाक मारली. "ए, इकडे ये, वाच हे. मी निरुत्तर आहे म्हणे." ती मुलगी वाचून इतकी हसली की तिला पायडल थांबवावं लागलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शटर अर्धं ओढलं, स्टूल पुढे सरकवलं.

"मला वाटायचं, मी बोलले ते त्यांना पटलं नाही म्हणून हरले," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं मी ते मनात नीट करतेय. असं म्हटलं असतं तर, तसं म्हटलं असतं तर."

ताईने सांगितलं की आपल्याला परवानगी नाही, हे प्रबंधात घेता येणार नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही विचारू नका ना मग. मी माझा अर्ज देते तुमच्या विद्यापीठाला, माझ्या सहीने, की या कागदावर खोटं लिहिलंय. माझा अर्ज द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. अक्षर माझं वाईट आहे, तुम्ही फक्त लिहून घ्या. आणि त्या सांगू लागल्या. कडी. घरात जाणारे-येणारे दीर. दाराला आतून बादली लावून उरकलेली अंघोळ. बादली सरकली तो दिवस. मग एकदम वेगळंच, त्या घरासमोरचं झाड, लग्नात आणलेलं मशिन जे तिथेच राहिलं, मशिनला तेल कुठलं लागायचं ते.

मी बाहेरच्या पायरीवर बसून ऐकत होतो. बाई मध्येच थांबल्या.

"तुम्ही लिहायच्या थांबलात," त्या ताईला म्हणाल्या.

ताई म्हणाली, मशिनचं आहे ना, ते कारणात येत नाही म्हणून.

"कारणात काय येतं ते मी ठरवू द्या. लिहा."

माझी ताई, जिच्या एकशे एकोणीस नोंदी भाऊजींच्या दुकानात टांगलेल्या आहेत, खाली मान घालून लिहू लागली. मशिन, तेल, झाड, सगळं. दोन तास ती स्टुलावरून उठली नाही. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगतो.

त्यानंतरच्या दिवसांत आणखी तिघी सापडल्या, त्यांनीही आपापल्या सहीने अर्ज दिले. स्टेनोकाकांनीही निवेदन दिलं. आधी कां-कूं केलं, साहेब हयात नाहीत, त्यांच्या माघारी बोलणं शोभत नाही म्हणाले. ताईने मग त्यांना एवढंच विचारलं की पद्धत कशी होती हे नुसतं लिहून द्याल का, चूक-बरोबर काही म्हणू नका. पद्धत म्हटल्यावर काकांचा चेहरा खुलला. दीड पान, दुहेरी अंतर, एकही खाडाखोड नाही.

चौऱ्यांशी पानं गेली. त्यांच्या जागी एकोणीस आली. पहिल्या पानावर ताईने सरळ लिहिलं की या प्रबंधाचं शीर्षक चुकीचं आहे, ते बदलता आलेलं नाही, आणि हे मौन साक्षीदारांचं नसून नोंदीचं आहे. सोबत पाच कागद जोडले. ते घेऊन ती पुन्हा मॅडमच्या दारात गेली तेव्हा चार दिवस उरले होते. या खेपेला मी बरोबर होतो, धाक म्हणून. मॅडमनी आम्हाला बसायला सांगितलं आणि तिथेच वाचायला घेतलं. बाईंचा अर्ज त्या दोनदा वाचून गेल्या. भिंतीवर त्यांच्या पुस्तकाच्या चार आवृत्त्या ओळीने उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही, मी पाहिलं.

"माझ्या पुस्तकाचा उल्लेख तू फार अदबीने केलायस," त्या म्हणाल्या. "'काही मर्यादा संभवतात' म्हणजे काय? एकतीस म्हण. आकडा आहे ना तुझ्याकडे?" त्यांनी स्वतःच्या हाताने ते वाक्य खोडलं, वर आकडा लिहिला आणि मग सही केली. सही करताना म्हणाल्या की परीक्षक तुला सोडणार नाहीत, तयारी ठेव. आम्ही निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

शेवटच्या तारखेला प्रबंध गेला. सोनेरी अक्षरांचे लाल पुठ्ठे तेच.

तोंडी परीक्षा पाच महिन्यांनी झाली. ती सर्वांना खुली असते. मागच्या बाकावर मी, भाऊजी, स्टेनोकाका आणि दुकान मुलीवर सोपवून आलेल्या शिवणवाल्या बाई. समोर दोन परीक्षक. त्यातल्या परीक्षक बाईंनी खूश होऊन सगळं ऐकलं, आणि दुसरे, पांढऱ्या मिशांचे, पान उलटत राहिले.

"तुमचं म्हणणं मान्य केलं," ते म्हणाले, "तर एकशे अठरा स्त्रिया बोलल्या आणि ते लिहिलं गेलं नाही. मग त्या काय बोलल्या?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाली.

"प्रबंध तुमचा आहे."

"हो. चौघींचं माहीत आहे. बाकीच्या एकशे चौदा जणींचं माहीत नाही. त्यांच्या वतीने मी काही म्हणू शकत नाही. आधी म्हटलं होतं, चौऱ्यांशी पानं. ती काढली."

परीक्षकांनी चष्मा काढला. बाजूच्या खोलीत ते दोघे बराच वेळ बसले. ताई व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती आणि स्टेनोकाका तिच्या बरोबरीने, हात मागे बांधून, असे की कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं दोघांचाही निकाल लागायचा आहे. कदाचित होताही. निकाल आला तो कागदावर: प्रकरण चार अपुरे आहे, समितीची परवानगी घेऊन शक्य तितक्या साक्षीदारांच्या भेटी घ्याव्यात आणि एका वर्षात प्रबंध पुन्हा सादर करावा. तोवर पदवी नाही.

भाऊजींनी तो कागद जवळ धरून वाचला, लांब धरून वाचला. शिवणवाल्या बाईंनी त्या मिशीवाल्यांबद्दल दोन शब्द काढले, ते मी इथे लिहीत नाही.   ताईने कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. मॅडम तिच्याजवळ आल्या, म्हणाल्या, परवानगीचा अर्ज तू प्रबंध दिला त्याच आठवड्यात दिलास हे मला कार्यालयातून कळलं. काल मंजूर झालाय. मला सांगायचंस.

ताई म्हणाली, सांगणार होते, पण मधे परीक्षा आली.

मग ती माझ्याकडे वळली आणि स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का विचारलं. पाचवी बाई नदीपलीकडच्या वसाहतीत राहते, दवाखान्यात कामाला जाते, आणि दुपारी दोन ते चार एवढीच घरी सापडते. तेव्हा दीड वाजला होता. ताई जिन्याच्या तीन पायऱ्या उतरूनही गेली होती.